दिवसभराच्या उन्हाचा हिशेब



दहावीचा निकाल लागल्यानंतरच्या एका रविवारची गोष्ट. मिस्सा संपली होती आणि कडुनिंबाच्या सावलीत मंडळी नेहमीप्रमाणे बोलत उभी होती. आपल्यातले एक आजोबा मला म्हणाले, "आमच्या टाइमले अकरावीची मॅट्रिक होती जी. मले 52 टक्के पडले तं गावानं हार घातला होता. आता हे पोरगी 84 टक्के घेऊन तोंड पाडून बसली. काय कमी आहे यांना?"

नात शेजारीच उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "आबाजी, तुम्हाला 52 ला हार मिळाला. मला 84 मिळाले त्या दिवशी आपल्या घरी कोणी धड जेवलं नाही."

आजोबा गप्प झाले. मी काहीतरी थट्टेचे बोलून वेळ मारून नेली. पण त्या दिवशी मलाही जेवण गोड लागले नाही, कारण दोनच आठवड्यांपूर्वी मी वेदीवरून प्रवचनात आजोबांचेच म्हणणे मांडले होते. आजच्या मुलांना कष्ट नकोत, कौतुक मात्र हवे. आमच्या वेळी आम्ही बारा-बारा तास अभ्यास करीत असू. असे मी बोललो होतो. पुष्कळांनी माना डोलावल्या होत्या. माना डोलावणारे सगळे चाळिशीच्या पुढचे होते, हे मला तेव्हा दिसले नाही.

त्याच आठवड्यात ती मुलगी अकरावीच्या प्रवेशासाठी दाखला घ्यायला ऑफिसात आली. दाखला हातात घेतल्यावर जरा घुटमळली आणि म्हणाली, "फादर, एक विचारू? तुम्ही खरंच रोज बारा तास अभ्यास करत होतात का?"

हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. तिला खरेच जाणून घ्यायचे होते. मी कागद घेतला आणि दोघांनी मिळून हिशेब मांडला. तो हिशेब आज तुमच्यापुढे ठेवतो. (मुलीची व आजोबांची परवानगी घेतली आहे. नावे कृपया विचारू नयेत.)

माझे गाव धानपट्ट्यातलेच. मी दहावीला होतो तेव्हा शाळा अकरा ते पाच. संध्याकाळी दीड-दोन तास अभ्यास, तोही वीज असेल तर. म्हणजे आठ तास. परीक्षेआधीचे दोन महिने यात आणखी दोन तासांची भर. बारा तास अभ्यास मी आयुष्यात मोजून चार-पाच दिवस केला असेन, आणि तोसुद्धा गणिताच्या भीतीने. मात्र अभ्यासाबाहेर इतर कामे होती. शाळेला जाऊन येऊन आठ किलोमीटर चालणे. बैलांचे चारापाणी. रोवणीच्या दिवसांत आठ-आठ दिवस शाळेला सुट्टी, चिखलात वाकून. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायची, आणि तेच दिवस परीक्षेचे. इतिहासाच्या पेपराला मी मोहाचा वास असलेल्या हातांनी बसलो होतो.

आता तिचा दिवस. पहाटे पाचला उठणे. सहा ते आठ शिकवणी. अकरा ते पाच शाळा. साडेपाच ते साडेसात दुसरी शिकवणी. जेवण झाल्यावर नऊ ते साडेअकरा गृहपाठ. बेरीज साडेबारा तास. रविवारी मिस्सा झाल्यावर सराव परीक्षा. हे दहावीचे. आता विज्ञान शाखा घेतली की दोन वर्षांनी 'नीट'. 2024 साली या परीक्षेसाठी देशभरातून 24 लाखांवर मुलांनी नावे नोंदविली होती, आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. ही बेरीज तिला तोंडपाठ होती.

म्हणजे अभ्यासाचे तास मोजले तर ती माझ्यापुढे. अंगमेहनत मोजली तर मी तिच्यापुढे, आणि तिचे आबाजी माझ्याही कितीतरी पुढे. मग जास्त कष्ट कोणाचे? धान पायलीने मोजतात आणि रस्ता किलोमीटरने. दोन्ही एकाच मापाने मोजायला निघालो तर भांडणच होणार.

पण खरी गोष्ट पुढे घडली. मी तिला सहज विचारले, "एवढे सगळे करतेस, मग स्वतःबद्दल तुला काय वाटते?" ती म्हणाली, "काही नाही वाटत फादर. माझ्यापेक्षा चांगले खूप आहेत."

आपण मोठी माणसे मुलांविषयी एक तक्रार नेहमी करतो: काम कमी आणि स्वतःविषयीचे मत मोठे. या तक्रारीला थोडा आधार आहे, पण तो दूरदेशीचा. अमेरिकेतील बॅबकॉक आणि मार्क्स या अर्थतज्ज्ञांनी तेथील कॉलेज विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचे तास तपासले. 1961 साली पूर्णवेळ विद्यार्थी वर्गाबाहेर आठवड्याला सुमारे 24 तास अभ्यास करीत. 2003 साली ते सुमारे 14 वर आले होते. त्याच देशात 1966 पासून कॉलेजात नव्याने आलेल्या मुलांना विचारले जाते की बरोबरीच्यांच्या तुलनेत तुम्ही स्वतःला कुठे ठेवाल. स्वतःला सरासरीपेक्षा वरचे समजणाऱ्यांचे प्रमाण पुढच्या पिढ्यांत वाढत गेले, असे जीन ट्वेंगी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. तास खाली, स्वतःविषयीचे मत वर. तेथील वडीलधाऱ्यांना बोलायला आयता पुरावा मिळाला.

पण तो कपडा तेथील मुलांच्या मापाचा आहे. पवनीच्या, अड्याळच्या, आसगावच्या मुलांना तो चढवला तर बसणार नाही. आपल्याकडे मुलांच्या ओझ्याची चिंता देशाला फार आधीपासून लागली आहे. मालगुडीच्या कथा लिहिणारे आर. के. नारायण राज्यसभेचे सदस्य असताना 1989 साली ते मुलांच्या दप्तरावरच बोलले. पुढे प्राध्यापक यशपाल यांची समिती नेमली गेली आणि 1993 साली तिचा अहवाल आला. त्यातील एक निष्कर्ष प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा असा आहे: दप्तराचे वजन वाईट, पण न समजता पाठ करण्याचे ओझे त्याहून वाईट. 2015 साली महाराष्ट्र शासनाने दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड असू नये असा आदेश काढला. आणि तरीही 2016 च्या ऑगस्टमध्ये आपल्या शेजारच्या चंद्रपूर शहरात सातवीच्या दोन मुलांनी चक्क पत्रकार परिषद घेतली. रोज सोळा ते वीस वह्या-पुस्तके पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढावे लागते, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले. त्या वेळी काही जण हसले, "पोट्टे भारीच आगाऊ" म्हणाले. मला मात्र वाटते, आपले दुखणे खरे व मोजून सांगणे यात आगाऊपणा नाही. मुलांनी किती पुस्तके आणि कितवा मजला हे सांगितले. मी प्रवचनात सांगितलेल्या बारा तासांपेक्षा त्यांचा हिशेब चोख होता.

आता टक्क्यांचे पाहू. आबाजींचे 52 आणि नातीचे 84 ही एकाच नाण्यातली रक्कम नव्हे. त्या काळी मॅट्रिक पास होणे हीच गावात बातमी असे. 2024 च्या दहावीच्या निकालात 187 मुलांना शंभरपैकी शंभर टक्के मिळाले, 2025 मध्ये 211 मुलांना. मुले खोटी आहेत असे मी म्हणत नाही. परीक्षेची पद्धत बदलली, कला-क्रीडेचे वाढीव गुण आले, उत्तम पाच विषयांची बेरीज आली. रुपयाचे झाले तेच टक्क्याचे झाले. पूर्वी शंभर रुपयांत आठवड्याचा बाजार होई, आज थैलीचा तळही झाकत नाही. 84 टक्क्यांत आता घरभर आनंद विकत मिळत नाही. आकडा फुगला की मूल फुगते, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात आकडा फुगला की मूल आकसते, कारण तो आकडा आता पुरेसा कधीच नसतो.

नागपूरच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना ॲरिस्टॉटलचा नीतिशास्त्राचा ग्रंथ आम्हाला होता. त्याच्या चौथ्या भागात स्वतःची किंमत ओळखण्याविषयी विवेचन आहे. ॲरिस्टॉटल माणसांचे प्रकार सांगतो. एक, ज्याची योग्यता मोठी आहे आणि जो ती मोठी आहे हे जाणतो. दुसरा, ज्याची योग्यता थोडी पण समज मोठी, हा फुशारक. तिसरा, ज्याच्याकडे योग्यता आहे पण जो स्वतःला त्याहून कमी लेखतो. मला वाटले होते की या दोषांत फुशारकी अधिक वाईट ठरणार. ॲरिस्टॉटल उलटे सांगतो. स्वतःला कमी लेखणे हा दोष जास्त आढळतो आणि तो जास्त वाईटही आहे, कारण असा माणूस जी चांगली कामे करू शकला असता त्यांच्यापासून स्वतःच मागे सरतो.

तेव्हा ते वाचून मी परीक्षेपुरते पाठ केले. त्याचा अर्थ पवनीत आल्यावर कळला. येथे अशी कितीतरी मुले आहेत जी घरात पहिल्यांदाच दहावीच्या पुढे गेली आहेत. गोसीखुर्द धरणात ज्यांची घरे व शेते गेली, त्यांची मुले आहेत. यांतल्या एखाद्याने चांगला शर्ट घालून फोटो काढला, स्टेटस ठेवले, की आपण लगेच म्हणतो, फार चढला आहे. पण तोच मुलगा फॉर्म भरायच्या दिवशी घरी बसतो आणि म्हणतो, "आपलं काही होणार नाही." फोटो आपल्याला दिसतो, न भरलेला फॉर्म दिसत नाही.

अर्थात खोटे कौतुक हा उपाय नव्हे. "तू किती हुशार!" असे सतत ऐकून मूल घडत नाही. म्यूलर आणि ड्वेक या अमेरिकेतील दोघी संशोधकांनी 1998 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाचवीतील मुलांना कोडी दिली. काहींना नंतर सांगितले, तुम्ही हुशार आहात. काहींना सांगितले, तुम्ही मेहनत घेतलीत. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ज्यांत सगळेच अडखळले. हुशार म्हटलेली मुले त्यानंतर जास्त खचली. आणि आपले गुण दुसऱ्या मुलांना लिहून कळवायला सांगितले तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांनी गुण वाढवून लिहिले.

हे वाचून मी स्वतःशीच ओशाळलो. ती मुले दहा-अकरा वर्षांची होती. मी चाळिशी ओलांडलेला धर्मगुरू, आणि मीही वेदीवर उभा राहून आठाचे बारा केले होते. का केले? कारण माझीही किंमत मी माझ्या कष्टांच्या आकड्यावर टांगली होती. मुले ती टक्क्यांवर टांगतात, आम्ही ती सोसलेल्या हालांवर टांगतो. आजार एकच आहे. नम्रता म्हणजे सत्यात चालणे, असे संतांनी शिकवले आहे. त्या अर्थाने बढाई आणि "मी काहीच नाही" हे दोन्ही खोटे हिशेब आहेत. एकात जमा वाढवून लिहिलेली, दुसऱ्यात लपवलेली.

मग सोसलेल्याचे करायचे काय? ते विसरायचे का? मुळीच नाही. महर्षी कर्वे यांची एक आठवण प्रसिद्ध आहे. कोकणातील मुरुडहून सहावीच्या परीक्षेसाठी ते सह्याद्री ओलांडून साताऱ्याला पायी गेले. पोहोचल्यावर, हा मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसूच दिले नाही. तसेच परत यावे लागले. असा प्रवास केलेल्या माणसाला पुढच्या पिढीला आयुष्यभर टोमणे मारण्याचा हक्क होता, असे आपण म्हणू. त्यांनी काय केले? 1896 साली विधवा व अनाथ मुलींसाठी संस्था काढली, 1916 साली महिला विद्यापीठ. स्वतः शिक्षणासाठी जी वाट तुडवली ती दुसऱ्यांसाठी जवळची केली. भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढून तेच केले. तेथे मुले शेतात राबून शिकली, पण त्या राबण्याने कोणाची मान खाली गेली नाही.

आणि स्वतःची किंमत ओळखण्याविषयी बोलायचे तर मला 1855 सालची मुक्ता साळवे आठवते. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मांग समाजाची, चौदा वर्षांची विद्यार्थिनी. आजच्या मानाने तिचे शिक्षण अगदी थोडे. टक्के नाहीत, प्रमाणपत्र नाही. भोवतालचा समाज तिला रोज सांगत होता की तुझी किंमत शून्य आहे. तिने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकात छापून आला. त्यात तिने धर्माच्या नावाने चालणाऱ्या अन्यायाला सरळ प्रश्न विचारले. हे बळ तिला गुणपत्रिकेने दिले नव्हते. तूही माणूस आहेस, विचार करू शकतेस, असे कोणीतरी तिला मनापासून सांगितले होते, आणि तिला ते पटले होते.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. सकाळपासून उन्हात राबलेले मजूर संध्याकाळी कुरकुर करतात, कारण तासभर काम केलेल्यांनाही तेवढीच मजुरी मिळते. मी हा दाखला नेहमी उशिरा आलेल्यांच्या बाजूने सांगितला. या वेळी पहिल्यांदा सकाळच्या मजुरांकडे पाहिले. मळ्याचा धनी त्यांना असे म्हणत नाही की तुम्हाला ऊन लागलेच नाही. ठरलेली मजुरी तो त्यांना पूर्ण देतो. फक्त त्या उन्हाचे बिल तो दुसऱ्या मजुरांच्या नावावर फाडू देत नाही. आबाजी, तुमचे ऊन खरे होते. चिमणीच्या उजेडातला अभ्यास खरा होता. नातीने त्याबद्दल तुम्हाला मान द्यावा. पण ते ऊन तिच्या नावावर उधार लिहू नये. आणि मुलांनो, तुम्हीही उद्या तुमच्या लहानांना "आमच्या वेळी नीट होती" असे ऐकवू नका.

ही नुसती घरगुती कुरबुर असती तर मी पान खर्ची घातले नसते. 2022 या एका वर्षात आपल्या देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपला जीव संपवल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यांत सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. प्रत्येकाचे कारण वेगळे असेल. पण जेवणाच्या ताटावरची शांतता मुलाला काय सांगते याचा विचार आपण करायलाच हवा. "84 मिळाले त्या दिवशी कोणी जेवलं नाही" हे वाक्य पुन्हा वाचा.

म्हणून पालकांना माझी तीन विनंत्या आहेत. निकालाच्या दिवशी, तो कसाही असो, घरात सगळ्यांनी एकत्र बसून जेवावे; चुकांचा विचार दुसऱ्या दिवशी करता येतो. मुलाला "किती टक्के?" विचारण्याआधी "काय समजले, काय नाही समजले?" असे विचारावे. आणि आपल्या काळाविषयी सांगताना खरे तेवढेच सांगावे, त्यात आपण नापास झालेला विषयही येऊ द्यावा. मी सुरुवात करतो: सहामाहीला गणितात मला शंभरपैकी 29 होते.

मुलांनाही एक सांगणे आहे. सगळेच ओझे सहन करण्यासारखे नसते. मन फारच जड झाले तर आई-बाबांशी, सिस्टरांशी, माझ्याशी बोला. रात्री-अपरात्री 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन केला तरी चालतो. त्याला पैसे पडत नाहीत आणि त्यात कमीपणाही नाही.

त्या मुलीला मी शेवटी माझा कागद दिला, माझ्या तासांची खरी बेरीज असलेला. तिने तो आबाजींना दाखवला. पुढच्या रविवारी आजोबा म्हणाले, "फादर, तुमचे आठच निघाले म्हणे. माझे तं सहाच असतील जी. बाकी वेळ ढोरामागे." आणि नातीकडे पाहून म्हणाले, "हिचे साडेबारा." एवढेच बोलले. पण त्यांनी ते हार घालावा तसे म्हटले.

आपल्या सभागृहात पुढील सोमवारपासून संध्याकाळी सहा ते नऊ अभ्यासिका सुरू राहील. तेथे पंखे आहेत, उजेड आहे, आणि कोणी टक्के विचारणार नाही. कोणत्याही धर्माच्या व जातीच्या मुलामुलींनी यावे. किल्ली सिस्टरांकडे मिळेल. ज्या ज्येष्ठांना गणित वा इंग्रजी समजावून देता येते, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. पहिले नाव आपल्या याच आजोबांनी दिले आहे.

आपला,
धर्मगुरू